शांत्रेलचा शिक्का

नियोजन कशाला म्हणतात, हे आमच्या अख्ख्या मुलाँ शहरात फक्त मला कळतं! फुशारकी मारत नाही, मंडळी. मी घड्याळं दुरुस्त करतो. फ्रान्सच्या ऐन बेंबीत, आल्ये नदीच्या काठी माझं दुकान आहे, आणि तिथं सेकंदकाटासुद्धा माझी परवानगी घेऊन पुढं सरकतो. म्हणून त्या जूनच्या शनिवारी मी सोलांजला छाती फुगवून म्हणालो, "आज काहीही चुकणार नाही. चुकायला जागाच ठेवलेली नाही!"

सोलांज टायर दाबून बघत होती. "बरं," म्हणाली.

सोलांजचं हे 'बरं' म्हणजे दुधावरची साय. वरून मऊ, खाली काय उकळतंय कळत नाही. तीस वर्षं तिनं सायकलवरून टपाल वाटलं. कुत्री तिला ओळखतात, चढ तिला वाट देतात.

आमच्या सायकल क्लबाचा एक नेम आहे. दर महिन्याला एकदा, एका दमात दोनशे किलोमीटर. असे सलग बारा महिने. एक महिना हुकला, की पुन्हा एकपासून! वाटेत ठरलेल्या गावी ठरलेल्या वेळेच्या आत पोचायचं, तिथल्या कुणाचा तरी शिक्का आपल्या कार्डावर घ्यायचा, वेळ लिहून घ्यायची. बक्षीस काय? काही नाही. क्लबाच्या खोलीत एक लाकडी फळा आहे, त्याच्यावर पांढऱ्या रंगात नाव लिहितात. सोलांजचं नाव तिथं नऊ वेळा आहे. माझं एकदाही नाही. पहिल्या वर्षी अकराव्या महिन्यात मला गोवर निघाला, या वयात! दुसऱ्या वर्षी बारावं कार्ड धुण्याच्या यंत्रातून निघालं, पांढरंशुभ्र, इस्त्री करण्याजोगं. यंदा माझे अकरा महिने पुरे झाले होते. मला माझं नाव एकदा, फक्त एकदा, तिच्या नावाच्या बरोब्बर खाली हवं होतं. का, ते विचारू नका. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला असले प्रश्न विचारत नाहीत.

आता नियोजन ऐका. एकशे बत्तिसाव्या किलोमीटरला शांत्रेल नावाचं गाव. तिथं दोन अठ्ठेचाळीसच्या आत शिक्का हवा. शांत्रेलचं कॉफीचं दुकान दोन वर्षांपूर्वी बंद पडलं. बेकरी दुपारी साडेबारा ते चार बंद. इतर मंडळी अशा गावात कुलपं हुंगत फिरतात आणि शेवटी गायीच्या खुराचा ठसा घेऊन येतात. मी नाही! मी शांत्रेलच्या गावकचेरीबाहेरची पाटी वाचून ठेवली होती: शनिवारी दोन वाजता लग्न. म्हणजे मेयर जागेवर, कचेरी उघडी, शिक्का टेबलावर! लग्न वीस मिनिटांत उरकतं. तांदूळ उधळून झाले की मेयरसमोर कार्ड धरायचं. बस्स!

सकाळी सहाला निघालो. काय सांगू त्या सकाळचं! नदीवर धुकं असं पसरलं होतं, की कुणी रात्रभर कापूस पिंजत बसलं असावं. पांढऱ्या गायी त्या धुक्यात अर्ध्याच दिसत होत्या; वरची अर्धी गाय आमच्याकडे बघत होती, खालची अर्धी अजून झोपेत होती. गव्हाच्या शेतांना सोनेरी घाम फुटला होता. चाकांचा आवाज आईच्या बोटासारखा कानामागून फिरत होता. पुढं सोलांज, मागं मी. ती तिच्या आजीचं काहीतरी गुणगुणत होती:

माझ्या चाकाच्या गं बाई, किती सांगू मी गमती,
गाव येण्याच्या आधीच, दारं-कवाडं हसती.

मी पायडल मारत होतो की पाळण्यात होतो, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. साडेअकराला एका ओकच्या सावलीत आम्ही बटाट्याचा 'पाय', म्हणजे मैद्याच्या पारीत भाजलेला बटाटा, खाल्ला, आत साय घातलेला, वीटभर! मी दोघांच्या वाटणीचा खाल्ला.

"झोप येईल हं," सोलांज म्हणाली.

"मला? सायकलवर असताना? मी म्हणजे चालतं घड्याळ आहे!"

"बरं."

पुढं वारा तोंडावर आला, तो बटाटा पोटात दगड होऊन बसला, आणि चालतं घड्याळ मागं पडू लागलं. शांत्रेलच्या चढावर मी ओरडलो, "तू हळूहळू ये, मी पुढं होऊन मेयरला गाठतो!" आणि जीव खाऊन तिला मागं टाकलं. चौकात पोचलो तेव्हा दोन पंचवीस झाले होते. लिंडेनच्या झाडांना फुलं आली होती. साऱ्या चौकाला मधात बुडवून ठेवल्यासारखा वास सुटला होता.

पण तांदूळ कुठं होते? लोक अजून दारातच ताटकळत उभे! जांभळी टोपी घातलेल्या एका बाईंनी मला पाहिलं आणि त्या माझ्यावर अशा झेपावल्या, जशी घार उंदरावर.

"आलात एकदाचे! मुलाँहून ना?"

"मुलाँहूनच!" मी धापा टाकत म्हणालो. "उशीर झाला का हो? सही कुठं व्हायची?"

"सही म्हणे कुठं! अहो, आत चला! पंचवीस मिनिटं झाली, मुलगी रडून रडून भोपळा झालीय!"

मला वाटलं, काय प्रेमळ गाव! दमलेल्या सायकलस्वारासाठी नवरीमुलगी रडते! मी पिवळ्या जाकिटासकट, बुटांचे लोखंडी तळवे फरशीवर टकटक वाजवत आत गेलो. चिटणीसबाईंनी ओळखपत्र मागितलं. हेही मला पटलं. शिस्तीचं गाव आहे, शिक्क्याआधी ओळख बघतात! त्यांनी माझं नाव उतरवून घेतलं आणि मला पहिल्या रांगेतल्या मखमली खुर्चीत बसवलं. कुणीतरी माझ्या हातात पांढरं फूल दिलं. निळा-पांढरा-लाल पट्टा घातलेले मेयर घसा खाकरले, म्हणाले, "साक्षीदार आले. सुरू करू या."

खरी हकीगत मला नंतर कळली, ती तुम्हाला आत्ताच सांगतो. नवरदेव बास्तियाँचा साक्षीदार म्हणजे त्याचा मित्र गास्पार. हा शहाणा मुलाँहून सायकलनं येणार होता, आणि त्याला मुलीकडच्या कुणीच पाहिलं नव्हतं! जांभळ्या टोपीच्या बाई म्हणजे नवरीची आई. त्यांनी मला बघून बहिणीच्या कानात सांगितलं म्हणे, "जावयानं मित्र केलाय तो केवढा म्हातारा बघ!" आणि बास्तियाँ? त्या बिचाऱ्याला वाटलं, सासूबाईंनी चिडून आपल्याच कुणा भावाला साक्षीदार म्हणून घुसवलं. विचारायची त्याची काय टाप!

आणि मी? मंडळी, खुर्ची मऊ होती. भिंती जाड, आत विहिरीतला गारवा. खिडकीतून लिंडेनच्या फुलांचा वास येत होता. मेयर पती-पत्नीच्या कर्तव्यांचं कलम वाचत होते, आणि त्या कलमाची लय अशी, की अंगाईनंही खाली मान घालावी. मनात म्हटलं, दोनच मिनिटं डोळ्यांना सावली देऊ.

मग मी आल्ये नदीवरून सायकल चालवत होतो. पाण्यावरून! पांढऱ्या गायी दोन्ही काठांवर ओळीनं उभ्या राहून फुंकर घालत होत्या, म्हणून वारा पाठीमागून होता. नदीच्या शेवटी क्लबाचा फळा, त्याला पानं फुटलेली, एकेका पानावर एकेक नाव. सोलांजच्या नावाखालचं पान कोरं होतं. एक आवाज म्हणाला, "सही करा." मी लेखणी घेतली, आणि आयुष्यात केली नव्हती एवढी मोठी, शेपटी-वेलांटीसकट सही ठोकली!

"अरे देवा!" मेयर किंचाळले.

मी जागा झालो. समोर नोंदवही होती. चिटणीसबाईंनी नवऱ्यासाठी जिथं पेन्सिलीनं फुली मारली होती, नवरीच्या सहीच्या बाजूला, तिथं माझी सही वाळत होती. हजर मंडळी माझ्याकडे बघत होती. नवरी माझ्याकडे बघत होती. नवरीच्या आई तर अशा बघत होत्या, की माझा सासूंविषयीचा आदर कायमचा वाढला.

"काका," बास्तियाँ रडवेल्या आवाजात म्हणाला, "साक्षीदार झालात, तेवढं पुरे नव्हतं का हो?"

"साक्षीदार? मी? मी शिक्क्यासाठी आलोय!"

"कोण काका? तुझा मित्र ना हा?" जांभळी टोपी कडाडली.

"माझा? मला वाटलं तुमचा भाऊ!"

"माझा भाऊ असल्या चड्डीत येईल?"

तेवढ्यात दार उघडलं आणि काळ्या सुटात, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेला एक तरुण खांद्यावर सायकल घेऊन आत आला. "दोनदा पंक्चर झालं," म्हणाला. "सुरू नाही ना केलंत?"

मग जो गलका झाला! नवरी हुंदके देत विचारत होती, "आता माझं लग्न नक्की कुणाशी लागलंय?" आजोबांना ऐकू कमी येत होतं, ते येऊन माझे दोन्ही गाल चुंबून गेले, "सुखी राहा!" मेयरांनी टेबलावर मूठ आपटली. ते गायी पाळणारे, धिप्पाड गृहस्थ. गलका जागीच बसला.

"कुणीही साक्षीदार चालतो. हे झोपले होते तरी हजर होते. ते राहतील. गास्पार, तूही सही कर. आणि ही चुकलेली सही खोडून समासात तसं लिहायचं, त्याखाली सगळ्यांनी आद्याक्षरं करायची. सगळ्यांनी! कायदा आहे."

सगळ्यांनी म्हणजे नवरा, नवरी, चार साक्षीदार, मेयर. गास्पारच्या चिखलाचा डाग पडला, त्याची वेगळी टीप. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. दोन अठ्ठेचाळीस माझ्या डोळ्यांदेखत आले, आणि पाहुण्यासारखे टोपी उचलून निघून गेले.

शेवटी तांदूळ उधळून झाल्यावर मी कार्ड पुढं केलं. मेयरांनी शिक्का मारला आणि लिहिलं: तीन बारा.

"साहेब, मी दोन पंचवीसला आलो होतो! दोन पंचवीस लिहा ना!"

"शिक्का आत्ता मारला. तासाभरात दोन खोटी कागदपत्रं माझ्या हातून व्हायची नाहीत."

बाहेर सोलांज झाडाखाली बाकावर बसली होती. मी परतीचे अडुसष्ट किलोमीटर बोलत होतो. मेयर, कायदा, मखमल, नशीब, सगळ्यांचा उद्धार केला. ती मधूनमधून म्हणायची, "अरेरे." सातच्या आधी क्लबावर पोचलो. कार्डं तपासायला इपोलित बसतो. शाळेत गणित शिकवायचा, अजून माणसांना उणे गुण देतो. माझं कार्ड बघून म्हणाला, "तीन बारा. चोवीस मिनिटं उशीर. बाद."

"पण मी तिथं होतो! दोन पंचवीसला!"

"पुरावा?"

पुरावा होता! साक्षात सरकारी पुरावा! त्याच रात्री शांत्रेलला अर्ज लिहिला. उत्तर आलं, फक्त घरच्यांनाच नक्कल मिळते. मग बास्तियाँला पत्र धाडलं. चौथ्या आठवड्यात त्यानं मोठ्या मनानं विवाहनोंदीची नक्कल पाठवली, गोल शिक्क्यासकट. सोबत चिठ्ठी: 'सासूबाई अजून तुमची आठवण काढतात. कोणत्या शब्दांत, ते लिहीत नाही.'

इपोलितनं नक्कल दोनदा वाचली. 'दुपारी दोन वाजून तीस मिनिटांनी, आमच्यासमोर हजर, साक्षीदार फुल्बेर देन्वाये...' म्हणजे मीच! तिसऱ्यांदा प्रकाशासमोर धरून वाचली.

"दोन तीसला तू शांत्रेलमध्ये होतास," तो म्हणाला. त्याला ते बोलताना दात काढल्यासारखं दुखलं. "मान्य!"

मी उडी मारली! सोलांजनं टाळ्या वाजवल्या, खरोखर दोन्ही हातांनी. इपोलित रंगाचा डबा शोधू लागला, आणि मी आमची दोघांची जूनची कार्डं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून डोळे भरून बघत बसलो. बघता बघता एक गोष्ट दिसली. तिचा शांत्रेलचा शिक्का माझ्यासारखा नव्हता. त्यावर गव्हाची ओंबी होती. आणि वेळ: दोन एकतीस.

"सोलांज, हा कुणाचा शिक्का?"

"बेकरीचा."

"बेकरी दुपारी बंद असते!"

"एरवी. पण त्या दिवशी लग्नाचा केक न्यायला माणसं येणार होती ना? दार सताड उघडं होतं. एका मिनिटात झालं काम. मला एक पावही दिला बाईंनी."

माझ्या कानांतून वाफ निघाली असावी. "मग मला उठवायला काय झालं होतं? सतरा मिनिटं हातात होती!"

"आले होते की उठवायला. खिडकीशी उभी होते." ती कार्डाची घडी सारखी करत म्हणाली, "नवरी रडत होती. नवरा थरथरत होता. मेयर घाम पुसत होते. सगळ्या खोलीत एकट्या तुझ्याच चेहऱ्यावर दिसत होतं, की या लग्नाचं चांगलं होणार आहे. मग कसं उठवू?"

मी "बरं" म्हणालो आणि आमच्या सायकली सोडवायला बाहेर गेलो. दोन्ही एकाच साखळीनं मीच बांधल्या होत्या, मोठ्या हौसेनं. किल्ली दुकानात राहिली होती.

क्लबापासून दुकान तीन किलोमीटर. चालत गेलो, दोघंही. तेवढ्या वाटेवर कुणी शिक्का मागितला नाही.