माझ्या हातचा नट सुटत नाही!

माझ्या हातचा नट कधी सुटत नाही! एकलहऱ्याच्या वीज केंद्रात उभी हयात फिटर म्हणून काढली आणि निवृत्त झालो, तरी हात तोच आहे. घरातले नळ मी असे बंद करतो की सकाळी मलाच उघडत नाहीत! पूर्वी यावर बायको कडाकडा बोलायची. ती गेल्यापासून नळ आणि मी, दोघंच असतो. कंटाळा येतो हो एकट्याला.

म्हणून पुण्याहून भाची आरोहीचा फोन आला, “मामा, दसऱ्याला नाशिकमध्ये रेस आहे, खंडेनवमीला गाडी घेऊन येते,” तेव्हा तिचं बोलणं संपायच्या आत मी “ये, ये!” म्हणालो. आरोही ड्रॅग रेस करते. म्हणजे दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, हिरवा दिवा लागला की सरळ रेषेत जीव खाऊन पळवायच्या. चहा ओतेपर्यंत रेस संपते. एवढ्यासाठी चार मित्र, एक टेम्पो आणि पोतंभर हत्यारं!

“सगळं नीट पार पडलं ना मामा, तर सीझनभर गाडी तुमच्याच शेडमध्ये ठेवू. दर शनिवार-रविवारी आम्ही इथेच!” ती म्हणाली.

दर शनिवार-रविवारी! पाच माणसं! मी लगेच माळ्यावरून मोठा कुकर उतरवला.

खंडेनवमीला संध्याकाळी पोरांनी गाडीला चाकं नुसती बसवली. “नट हातानेच लावलेत. सकाळी मी टॉर्क पान्याने कसते,” असं सांगून आरोही मित्रांना घेऊन मिसळ खायला गेली. टॉर्क पाना म्हणजे मोजून कसणारा पाना. हवं तेवढं घट्ट झालं की तो ‘टक्’ असा आवाज करतो, की थांबायचं.

इकडे मी पाटावर सगळी हत्यारं मांडली, तिचीही मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, आरती केली. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. पूजेतलं हत्यार दसरा होईपर्यंत उचलायचं नसतं! आणि चाकं तर सैल!

पण फिटर उगाच म्हणतात का? डिकीत गाडीचा साधा पाना सापडला. तो बिचारा पूजेतून सुटला होता. त्याच्या दांड्यावर नळाचा लांब पाइप चढवला आणि पाइपवर मी स्वतः उभा राहिलो. नट कुंई कुंई ओरडले. म्हटलं, ओरडा लेको!

सकाळी आरोही धावतपळत आली. “मामा, चाकं?”

“कसली!”

“टॉर्क बघून?”

“अगं, टॉर्कच टॉर्क!”

“मामा, तुम्ही भारी आहात!” ती म्हणाली. असं मला फार दिवसांत कुणी म्हणालं नव्हतं. पुढचं सांगायचं राहूनच गेलं.

शहराबाहेरच्या धावपट्टीवर हिरवा दिवा लागला. गाडी गरजली, उसळली आणि कड्, कड्, कडाक! मागून बसलीच! मागचं एक चाक मात्र एकटंच पुढे निघालं. ते बघून शेजारचा गाडीवाला दचकून थांबला. माइकवाला ओरडला, “पहिला नंबर... चाकाचा!”

माझा जीव खाली-वर. आरोही धडधाकट बाहेर आली, तेव्हा कुठे श्वास घेतला. हबमधून, म्हणजे चाकामागच्या तबकडीतून, बाहेर आलेले जे खिळे चाक धरतात, ते स्टड पार मुळापासून तुटले होते. तुकड्यांवर नट मात्र घट्ट.

“बघ, एकही नट सुटलेला नाही!” मी म्हणालो. ही बोलायची वेळ नव्हती.

“मामा, टॉर्क पाना द्या.”

“पूजेत आहे.”

“मग कसलंत कशाने?”

“पाना... पाइप... आणि मी.”

तिने कपाळाला हात लावला. “मामा, स्टड जरासा ताणला जातो आणि त्या ताणावर चाक धरतो. तुम्ही तो आधीच पार ताणून टाकलात! गाडी सुटताना एवढा झटका बसतो, तो सोसायला काही उरलंच नाही त्याच्यात. लेंग्याचं इलास्टिक जातं ना, तसं.”

“मग सैल ठेवायचं होतं?”

“सैल ठेवलं तर चाक हलतं, तरी स्टड तुटतात! मोजूनच कसायचं. आणि एक फेरी झाली की पुन्हा तपासायचं.”

संध्याकाळी पोरांनी माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली, नमस्कार केला. गेल्या दसऱ्याला मी आणलेलं सोनं घ्यायला दूधवाल्याशिवाय कुणी आलं नव्हतं. मोठा कुकर भरून भात संपला. “स्टड येईपर्यंत गाडी इथेच. पण हात लावायचा नाही!” असं बजावून आरोही टेम्पोत बसली. शनिवार-रविवारचा विषय तिने काढला नाही, माझी विचारायची छाती झाली नाही. टेम्पो वळला आणि घर एकदम खायला उठलं.

मी फोन लावला. “पोचलात?”

“मामा! अजून सिन्नर फाट्यावरच आहोत!”

“नाही, म्हटलं... शनिवारी...?”

“येणार हो! गाडी तिथे आहे ना आमची. आता मला नका कसू!”

ठेवला फोन. शहाण्यासारखा शेडमध्ये गाडीशेजारी बसून राहिलो. पण एक फेरी झाली की पुन्हा तपासायचं, हे तिनेच सांगितलं होतं ना! सिन्नर मागे पडलं असेल अशा बेताने मी परत फोन लावला.

तिने उचलला, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “टक्!”

थांबलो मग. सकाळपर्यंत.