नदीपल्याडची गार

परक्या डोंगरातले दगड आठ दिवसांत आपापल्या डोंगरात परत पाठवायचे, असा नियम तालुक्याला लागू झाला आणि गावोगावी दगडांची ओळख पटवणं सुरू झालं.

कातरवाडीत हे काम रंगूबाई धोत्रेकडे आलं. जात्या-पाट्यांना टाकी लावण्यात तिचा जन्म गेलेला. चर्ट या कठीण दगडाची, म्हणजे तिच्या भाषेत गारेची, पारख करावी तर तिनेच. कड उन्हात धरायची, मग जीभ लावायची. इथली गार राखाडी, जिभेला चिकटणारी. नदीपल्याडची मधाच्या रंगाची, गुळगुळीत. तिच्या शब्दावर देवळाची पायरीसुद्धा गाडीत चढली होती.

आठव्या दिवशी तिने कमरेच्या चंचीतून स्वतःचीच गार काढून चावडीत निरीक्षकाच्या टेबलावर ठेवली. तळहाताएवढी, कुण्या आदिमानवाने धार काढलेली. चाळीस वर्षांपूर्वी ती तिच्या नवऱ्याला वावरात सापडली होती. आता नवरा नव्हता, गार होती. तीही गेली तर घर खायला उठलं असतं. पण दगडाच्या बाबतीत खोटं बोलायला तिची जीभ रेटेना.

"नदीपल्याडची हाय, सायेब," ती म्हणाली आणि रडू लागली.

निरीक्षक वाघचौरेंनी नियमपुस्तिका चाळली. "धार कुठे काढली? कलम नऊ. घडवलेला दगड जिथे घडला तिथला."

रंगूबाईने वावर पालथं घातलं. संध्याकाळी पदरात चार कपच्या घेऊन आली. चारही गारेला अशा बसल्या की फट दिसेना; म्हणजे धार इथेच काढलेली.

"ठीक. आता घडवणाऱ्याचा अंगठा लागेल. चावडीवर नोटीस लावतो, मुदत सात दिवस."

"आवो, त्याला मरून किती पिढ्या झाल्या!"

"नोटीस सगळ्यांना लागू असते, रंगूबाई."

तो येणार नाही याची तिला धास्ती होतीच. त्याहून मोठी धास्ती, तो आला आणि आपली वस्तू मागितली तर? नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं?

सातव्या दिवशी दुपारी तो आला. बुटका, अनवाणी, खांद्यावर हरणाचं कातडं. रांगेत उभा राहिला, अंगठा दिला. मग गार उचलून धारेवर बोट फिरवलं आणि रंगूबाईकडे नाराजीने पाहिलं. तिने मान खाली घातली. गावभरच्या जात्यांना तिने टाकी लावली, पण या गारेची बोथट धार चाळीस वर्षांत कधी बघितली नव्हती.

तो चावडीच्या ओट्यावर बसला. दगडी गोट्याने गारेच्या दोन कपच्या उडवल्या, धार तपासली आणि गार तिच्या हातात ठेवून निघाला.

"च्या घिऊन जा, बाबा," रंगूबाई म्हणाली.

तो थांबला. वाघचौरेंनी तीन चहा सांगितले.