काल काय पिलं व्हतं?

सखाआबांच्या ओट्यावर उन्हाळ्यात तुम्ही एकदा काही प्यायलात की दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तुमच्या दाराची कडी वाजणार, हे राजुरीत आमच्या आळीतल्या सगळ्यांना माहीत आहे. दार उघडावं तर आबा उभे. पायजमा, पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ. आत या म्हटलं तर यायचे नाहीत. एकच विचारणार, "काल काय पिलं व्हतं, सांगा बरं."

मग आपण आठवून सांगायचं. लिंबू होतं. "आन?" पुदिना होता. "आन?" आठवत नाही म्हटलं की आबांचा चेहरा उतरतो. गवती चहा आठवला तर मात्र गडी दिवसभर खुशीत. पहिल्या वर्षी मला वाटलं, म्हातारा चिकित्सक आहे. दुसऱ्या वर्षी वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. तिसऱ्या वर्षापासून मी टिंगलच सुरू केली. एकदा दात घासता घासता "रॉकेल होतं, आबा" असं सांगून टाकलं. ते हसले नाहीत. "नीट आठवा भाऊ," म्हणाले आणि उभेच राहिले.

आबा मूळचे वर घाटाकडच्या मढ गावचे. तिकडची भाताची खाचरं त्यांचा भाऊ बघतो. आबा पोरवयातच मुंबईला गेले आणि एका हॉटेलात ग्लास धुता धुता बारच्या काउंटरमागं जाऊन उभे राहिले, ते एकतीस वर्षं. गळ्यात माळ आणि हातात बाटली. पण जन्मात एक थेंब जिभेला लावला नाही. मग जमलंय की बिघडलंय हे कसं कळायचं, तर नाकानं. वास घ्यायचा आणि गिऱ्हाइकापुढं ठेवायचं. नोकरी संपल्यावर बायकोच्या माहेरी, म्हणजे आमच्या गावात, दोन खोल्या बांधून राहिले. मूलबाळ नाही. बायकोही चार वर्षांमागं गेली. आमच्या आणि त्यांच्या घराच्या मधे फक्त दोन घरं.

त्यांच्या परसात फुटक्या बादल्यांतून पुदिना, गवती चहा आणि सब्जा लावलेला आहे आणि कोपऱ्यात ईडलिंबाचं झाड. ईडलिंबू म्हणजे ते मोठं, खडबडीत, जाड सालीचं. रस कागदी लिंबाचा घेतील, पण साल ईडलिंबाचीच पाहिजे. पुदिना वाटायचा नाही, कुटायचा नाही. पानं तळहातावर घ्यायची आणि वरून एकच टाळी मारायची. पान मारायचं नसतं, उठवायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. तुळसही घाला की, असं एकदा आमच्या हिनं सुचवलं तर आबा दचकलेच. "ती गळ्यात हाय. गिलासात न्हाई."

मग ते सगळं झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बर्फासकट घालून उजव्या कानाजवळ हालवत राहायचं. बर्फाचा आवाज बारीक झाला की बास. ह्या प्रकाराला ते 'काकटेल' म्हणतात. आमच्या हिनं हजारदा विनवलं, अहो सरबत म्हणा, लोक काय समजतील. पण नाही. सरबत ढवळतात आणि हे हालवतात, म्हणून हे सरबत नव्हे. आणि उन्हातून कितीही तहानेनं जा, लगेच काही हातात पडायचं नाही. आधी ओट्यावर बसवतात. "घाम सुकू द्या. घामेजल्या मान्साला चव कळत न्हाई."

यंदा एप्रिलात आमच्या सोनालीचा साखरपुडा ठरला. आबा आपणहून म्हणाले, पाव्हण्यांना काकटेल माझ्याकडून. मी हो म्हटलं आणि लगेच पस्तावलो. व्याही अवसरीचे, माळकरी, तिथल्या भजनात पुढं उभे राहणारे. त्यात माझ्या मेव्हण्यानं तेल ओतलं. म्हणाला, दाजी, बारवाला माणूस सोयऱ्यांपुढं उभा करताय, डोकं ठिकाणावर आहे ना?

मी आबांकडं गेलो आणि, सांगायलाही लाज वाटते, त्यांना बजावून आलो. काकटेल हा शब्द काढायचा नाही. मुंबईचा विषय काढायचा नाही. आबा डबा पुसत होते. "बरं भाऊ," म्हणाले. "पर कुणी सरळ इचारलं तर खोटं न्हाई बोलायचो." कोण विचारतंय तुम्हाला, असं मी वर म्हणालो.

साखरपुड्याच्या दिवशी आबा उजाडायच्या आधीपासून लिंबं कापत होते. नवा सदरा घातला होता. पाव्हणे आले, त्यांना पंख्याखाली बसवलं, घाम सुकू दिला आणि मगच ग्लास फिरले. सगळे वा वा करत होते. मीही छाती काढून फिरत होतो. तेवढ्यात व्याह्यांच्या थोरल्या भावानं सहज विचारलं, बाबा, हात लई सराईत दिसतोय, कुठं शिकलात?

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मांडवाच्या झालरीकडं पाहिलं.

"मुंबईला," आबा म्हणाले, "बारमधी व्हतो."

एका आजीबाईंनी ग्लास हळूच खुर्चीखाली सरकवला. मला काय झालं कोण जाणे. मी तरातरा पुढं झालो, ट्रेमधला एक ग्लास उचलला आणि भर मांडवात नाकाला लावला. मग दुसरा उचलला, त्याचाही वास घेतला. आणि जाहीर केलं की तसलं यात काही नाही, मंडळींनी निर्धास्त राहावं. वर मेव्हण्याला कोल्ड्रिंकच्या बाटल्या फोडायला लावल्या. मला वाटलं, मी प्रसंग सावरला.

आबा दोन हात माळेवर ठेवून उभे होते.

व्याही मात्र निवांत पीत होते. त्यांनी ग्लास संपवला, उठले, स्वतः आबांपाशी गेले आणि दुसरा मागून घेतला. आबांनी त्यांच्यासाठी पुन्हा पुदिन्यावर टाळी मारली. ती टाळी सगळ्या मांडवात ऐकू गेली.

आबा जेवायला थांबले नाहीत. ग्लास धुतले, पालथे घातले, डबा बगलेत मारला आणि गेले. मी अडवायला हवं होतं. मी पाव्हण्यांना आग्रह करत बसलो.

दुसऱ्या दिवशी सातला मी दाराकडं कान लावून होतो. सव्वासात झाले, साडेसात झाले, कडी काही वाजली नाही. ज्या कडीनं इतकी वर्षं वैताग आणला, ती वाजेना तर चहा गोड लागेना. काल आबा उपाशी गेले, एवढंच ही म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आठच्या सुमारास व्याह्यांचा फोन आला. सगळं छान झालं वगैरे बोलून झाल्यावर ते म्हणाले, त्या आबांना माझा निरोप द्या. एका चवीनं मला कालपासून छळलं होतं, ती आत्ता उठल्यावर सापडली. ईडलिंबाची साल होती. व्याह्यांच्या आजोळी विहिरीवर तसलं झाड होतं म्हणे.

मी तसाच उठून आबांकडं गेलो. ते बादल्यांना पाणी घालत होते. या भाऊ, म्हणाले, जसं काही झालंच नव्हतं. मी खाली मान घालून निरोप सांगितला.

आबांच्या हातातला तांब्या तिथंच राहिला. "आठवलं त्यांना? म्या न इचारता?"

मी हो म्हटलं. ते हळूच ओट्यावर टेकले.

"एकतीस वर्सं पाजलं लोकांना," म्हणाले. "रातच्याला गळ्यात पडायची, सखाराम तुज्यासारखा तूच म्हनायची. सकाळी रस्त्यात वळखायची न्हाईत. काय पिलं, कुनी दिलं, कायबी याद नसायची. आन म्या तर कंदी चाखलंच न्हाई. म्हंजी माज्या हातचं कसं लागतं ते त्यांना बी ठावं न्हाई आन मला बी न्हाई."

आणि मी ह्या माणसाच्या काकटेलला रॉकेल म्हणालो होतो.

मग त्यांनी टोपी सारखी केली, माझ्याकडं वळले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "आन तुमी, भाऊ? काल काय पिलं व्हतं, सांगा बरं."

लिंबू, आलं, पुदिना, गवती चहा, ईडलिंबाची साल. सगळं मला पाठ होतं. अगदी ओठावर आलं होतं. पण माळेकडं बघून खोटं बोलवेना.

"मी पिलोच नाही, आबा," मी म्हणालो. "नुसता वास घेतला. चुकलं माझं."

"ठावं हाय," आबा म्हणाले. "म्हनून तर आलो न्हाई इचारायला."

ते उठले, आत गेले आणि डबा घेऊन बाहेर आले. लिंबू कापायला घेतलं, माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि सुरी खाली ठेवली.

"बसा हितं," म्हणाले. "आधी घाम सुकू द्या."

सकाळची वेळ, सावलीचा ओटा, मधे जेमतेम दोन घरं. मी कपाळावर हात फिरवला. हात ओला झाला.