मेहकर मुक्कामी गिटारीस करण्यात आलेल्या सुधारणा

कोणतीही वस्तू जन्मतः अपुरी असते, आणि ती पुरी करता यावी एवढ्यासाठीच माणसाला शेजारी दिलेले असतात. हे ज्यांना मान्य नसेल त्यांनी खुशाल हैदराबादेत जाऊन राहावं. आमच्या मेहकरात (तालुका भालकी, जिल्हा बिदर, निजाम सरकारचा मुलूख) वस्तू नुसती दुरुस्त करून कुणी परत देत नाही. तसं करणं म्हणजे मालकाच्या तोंडावर सांगणं, की बाबा रे, तुझ्या वस्तूसाठी जास्त हात चालवायची आमची इच्छा नाही. शिवाय शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा तर सगळ्या मुलखाचा रिवाज. ताक आणलेला तांब्या परत जाताना त्यात मूठभर शेंगा तरी जातातच.

या दोन चांगल्या चालींचा फायदा मालतीबाईंच्या गिटारीला कसा मिळाला, ते पुढं दिलं आहे.

मालतीबाई म्हणजे आमच्या अच्युतरावांची सून. अच्युतराव निवृत्त पेशकार (म्हणजे हयातभर दुसऱ्यांचे अर्ज साहेबापुढं मोठ्यानं वाचलेले गृहस्थ). सूनबाई वाडी जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेल्या. तिथं शेजारच्या गोवेकर गार्डाच्या बायकोनं त्यांना गिटार शिकवली आणि बदली झाली तेव्हा आपली जुनी गिटार त्यांनाच देऊन ती निघून गेली. फसली तेराशे पंचेचाळीसच्या (म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पस्तिसाच्या) सुमारास मालतीबाई लग्न होऊन मेहकरात आल्या, तेव्हा ट्रंकेच्या वर गिटार होती. गाडीतून उतरताना त्यांनी आधी ती उतरवली, मग ट्रंक. हे गावानं पाहिलं.

वर्षभर गिटार खुंटीला टांगलेली होती. वर्षभरानं मालतीबाईंनी धीर करून विचारलं, तेव्हा अच्युतरावांनी हुकूम दिला: चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, फक्त बायकांपुढं, एकदा वाजवावी. शर्त एवढीच, की वस्तू दुरुस्त असावी.

मालतीबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या म्हणाल्या, "मामंजी, तार पिळायची एक खुंटी तेवढी ढिली झाली आहे. खडूची पूड चोळली की बसेल. मीच करते."

पेशकारांना अर्जाची पहिली ओळ ऐकून बाकीचा मजकूर आपणच समजून घ्यायची सवय असते. त्यांनी मल्लप्पा सुताराला बोलावणं धाडलं.

मल्लप्पानं गिटार उलटी केली, सुलटी केली, कानाशी धरून हलवली. "अण्णा, कुणी केलंय हे? लाकूड न्हाई, पापड हाय!" असं म्हणून तो ती घेऊन गेला. त्याची दुरुस्ती इतकी तर्कशुद्ध होती की तिच्यात बोट ठेवायला जागा नाही. ढिली खुंटी काढून त्यानं तिथं बाभळीची, पेरणीच्या तिफणीला घालतात तसली खुंटी ठोकली. ती हलेना (आजही हलत नाही). पण तिच्या वजनानं गिटार तोंडावर पडायला लागली. म्हणून बुडाला जात्याच्या फुटक्या तळीचा तुकडा बसवला. त्यानं पोट उकलायला लागलं. म्हणून लोहाराकडून भोवती बैलगाडीच्या चाकासारखी लोखंडी धाव चढवून घेतली. धाव तापवूनच चढवतात, त्यात एक बाजू करपली. ती बाजू पाठीमागची समजावी असं ठरलं. दांडीवर आडव्या पितळी पट्ट्या होत्या. सूनबाईंचा हात सोलवटेल म्हणून त्या उपटून मल्लप्पानं दांडीवर रंधा मारला, आणि दांडी अशी गुळगुळीत केली की माशी बसली तर घसरावी.

परत करताना त्यानं मधल्या भोकातून आत शेरभर ज्वारी ओतली. एवढं मोठं पोटाचं भांडं रिकामं कसं द्यायचं?

मालतीबाई गिटारीकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, "मल्लप्पा, हिच्यातली ज्वारी काढ रे. आणि त्या पट्ट्या कुठं आहेत?"

"ज्वारी राहू द्या की अक्का, वजन बरूबर बसायलंय. पट्ट्या आमच्या घरच्या अडकित्त्याला लागल्या."

इथं मालतीबाईंचे यजमान भीमसेनराव यांचाही उल्लेख केला पाहिजे. ते शाळामास्तर. बायकोची बाजू त्यांना पटत होती आणि वडलांचीही पटत होती. सबब ते छत्री घेऊन बाहेर गेले.

मग शेजारच्या लिंगम्मा गिटार बघायला म्हणून घेऊन गेल्या. "अगं बाई, असं नागडं वाद्य चार बायकांत आणायलीस व्हय?" म्हणत त्यांनी तिला जुन्या इरकलीचा कुंची-अंगरखा शिवला. शिवताना तारा आड येत होत्या, त्या सोडवून ठेवल्या. (तारा वाया गेल्या असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. राघोबा पाटलांच्या परसात त्यांवर दोडक्याचा वेल चांगला चढला आहे.) परत देताना लिंगम्मांनी ज्वारीवर कारळाच्या चटणीची पुडी ठेवली. त्यानंतर राघोबा पाटील घेऊन गेले. त्यांनी दांडीला बैलाची घुंगुरमाळ बांधली आणि आत तुरीची डाळ टाकली. मालतीबाई दर वेळी दारापर्यंत मागं जायच्या आणि दर वेळी कुणीतरी म्हणायचं, "तू कामून जिवाला लावून घ्यायलीस? आम्ही हाव की!"

या कामी जाणत्यांची मतंही घेण्यात आली. त्यांपैकी कुणीही आधी गिटार पाहिलेली नव्हती, त्यामुळं मतं पूर्ण निःपक्षपाती होती.

याच दरम्यान गिरदावरसाहेब (महसुलाचे फिरते तपासनीस) दौऱ्यावर आले. त्यांनी गिटारीचा मुलाहिजा केला आणि सवाल टाकला: ही चीज बाजा की बरतन? साहेबांनी भोकात हात घालून कारळाची चटणी चाखली आणि फैसला दिला, की जिच्यात खायची चीज ठेवतात ती बरतन, आणि बरतनाला झाकण पाहिजे. "वरना चूहे आएंगे," असं फर्मावून ते पुढच्या गावी गेले. मल्लप्पानं त्याच दिवशी भोकाला कडीकोयंड्याचं झाकण बसवलं. अशा रीतीनं गिटार दुरुस्त झाली, आणि अच्युतरावांची शर्त अक्षरशः पुरी झाली.

हळदीकुंकवाचा दिवस उजाडला. पन्हं झालं, आंब्याची डाळ झाली, गौर आरशासमोर बसली. मालतीबाईंनी आदल्या दिवशीच बोटांची नखं कापून ठेवली होती. दोन गड्यांनी गिटार आणून पाटावर ठेवली. बायकांनी "अय्या!" म्हणून कौतुक केलं. लिंगम्मांनी कुंची सारखी केली, कडी काढली आणि आतले भिजवलेले हरभरे (सकाळीच भरले होते) एकेकीच्या ओटीत घातले. सगळ्यांना पुरले. एवढं सोयीचं वाद्य कुठं पाहिलं नाही, असं सर्वांचं मत पडलं.

मालतीबाई पुढं झाल्या. गिटार मांडीवर घ्यायला गेल्या, ती उचलवेना. मग त्यांनी तिच्याशेजारीच बसून दांडीवर डावा हात ठेवला, उजवा हात जिथं तारा असायच्या तिथं नेला, आणि हळूच फिरवला. धावेला बांगडी लागली. तेवढाच आवाज झाला. आणि त्या रडायला लागल्या, अगदी हुंदके देऊन.

दाराआडून अच्युतराव म्हणाले, "सूनबाईचं मन भरून आलं."

"नाही हो मामंजी," मालतीबाई सगळ्यांसमोर बोलल्या. "मला नुसती वाजवायची होती."

पडवीत मल्लप्पा बसला होता. तो मनापासून हळहळला. "आगं माय! वाजवायची होती? मग अगोदर सांगायचं न्हाई का अक्का!"

त्यानंतर मालतीबाईंनी गिटारीचं नाव काढलं नाही. गिटार सुस्थितीत आहे आणि गावात लग्नकार्याला मागून नेतात.

हे वाचून काही शहाणे वाचक आमच्या गावाला हसतील, याची आम्हाला कल्पना आहे. खुशाल हसा. आम्हाला खुंटी होती, धाव होती, झाकण होतं, सवड म्हणून नव्हती. तुम्ही मात्र हातात काही काम नसताना पहिल्यापासून इथवर निवांत आलात. खुंटी कशाची, तारा कुठं गेल्या, हरभरे पुरले का, सगळं लक्ष देऊन वाचलंत. मालतीबाई त्या दिवशी वाजवणार काय होत्या, हे विचारायचं तुम्हाला तरी कुठं सुचलं?