पाण्याची बाजू

उंबरठ्याविषयी माझ्याशी बोलायचे असेल, तर आधी बसून घ्यावे. कारण उभ्याउभ्या उरकण्याइतका तो विषय लहान नाही, आणि त्या विषयात मीही लहान नाही! विद्यापीठाने मला सर्वोच्च पदवी दिली ती आधुनिक कवितेतील उंबरठ्यावर लिहिलेल्या जाडजूड प्रबंधासाठी. तो प्रबंध परीक्षकांनी वाचला की नुसता उचलून पाहिला, हा वाद निराळा. त्यामुळे बैठकीची खोली आणि मागचे अंगण यांच्यामधली भिंत पाडून तिथे काचेचे घडीचे दार बसवायचे ठरले, आणि "उंबरठा कसला घ्यायचा ते चार ठिकाणी विचारून ठरवू या," असे बायको म्हणाली, तेव्हा मी नुसता मंद हसलो.

"मी घरात असताना उंबरठ्याची चौकशी? माशानं पोहण्याचा क्लास लावायचा?"

"मासा पाण्यात असतो," बायको म्हणाली. "तू पुस्तकात असतोस."

दार हौसेसाठी नव्हते. सासऱ्यांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले होते. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहात, आणि संध्याकाळी त्यांनी फोन उचलेपर्यंत बायकोच्या हातातला घास हातातच राही. कितीदा बोलावले, तरी ते येत नव्हते. अखेर महत्प्रयासाने तयार झाले, तेही अट घालून.

"मागच्या अंगणात मी माझा मी जाणार. दंड धरून मला कुणी काही ओलांडून द्यायचं नाही. ज्या दिवशी धरलंत, त्या दिवशी मी माझ्या घरी!"

आयुष्यभर कालव्यांच्या खात्यात अधिकारी म्हणून वावरलेला माणूस. शब्द म्हणजे दगडी बांध! आता ते वॉकर धरून चालत, आणि वॉकरचे पाय बोटभर उंचीच्या पट्टीलाही अडत. म्हणजे बायकोचे वडील तिच्याजवळ राहणार की नाही, हे एका उंबरठ्यावर ठरणार होते. आणि उंबरठा मी ठरवणार होतो!

दुकानदाराने तीन नमुने पुढे ठेवले. पहिला उंच, पाणी अडवणारा, माणूसही अडवणारा. दुसरा अर्धवट, त्याला ठेच लागली असती ती नेमकी अंगठ्यालाच. तिसरा जमिनीत पूर्ण बुडवलेला, नुसती चकाकती रेघ दिसावी असा.

"याला आम्ही शून्य उंबरठा म्हणतो," दुकानदार म्हणाला.

शून्य उंबरठा! माझ्या अंगावर सरसरून काटा आला. प्रबंधाची एवढी पाने मी ज्या शब्दाच्या शोधात काळी केली, तो इथे बिजागऱ्या आणि कड्यांच्या मधोमध लोळत पडला होता. दुकानदार पुढे बरेच बोलला. दार ज्यावरून सरकते त्या रुळातली माती ब्रशने काढायची, तेल चुकूनही घालायचे नाही, वंगणाचा सुका फवाराच मारायचा, असे काहीतरी. बायको पलीकडे दाराच्या मुठी पाहात होती. ऐकायला मी एकटाच होतो, आणि मी शून्यात होतो.

दार बसवायला जो फिटर आला, त्याचा आवाज घडघडणाऱ्या ट्रकसारखा होता आणि काळीज साबणाच्या फुग्यासारखे. माझी पुस्तके पाहून त्याने हातातले ड्रिल खाली ठेवले.

"साहेब, लिहिता का?"

"लिहितो थोडंफार."

"मीपण!" त्याने छातीवर हात ठेवला. "सिमेंट सुकेपर्यंत रिकामाच असतो ना माणूस."

झाले! दोन समानधर्मी एकमेकांना भेटले, आणि दार बिचारे भिंतीला टेकून उभे राहिले. दुपारी कधीतरी त्याने उंबरठ्याची लांबलचक पट्टी उचलली. तिला एका अंगाला किंचित उतार होता आणि त्या काठाशी ओळीने बारीक फटी होत्या. रुळात पाणी शिरलेच, तर या फटींतून ते अंगणात परत जावे, अशी योजना. म्हणून फटी कोणत्या अंगाला ठेवायच्या, एवढेच विचारायचे होते त्याला.

"साहेब, पाण्याची बाजू कुठली?"

असा प्रश्न आयुष्यात मला कुणी विचारला नव्हता. मी खिडकीबाहेर पाहिले. आवाज आपोआप खाली उतरला.

"पाणी नेहमी आतूनच येतं, मित्रा."

फिटरचे डोळे भरून आले. "वा! काय बोललात साहेब! आतूनच!"

आणि कवी म्हणाला तसे फिटरने केले. फटी बैठकीच्या अंगाला!

पुढच्या दिवसांत दार कुरकुरू लागले. त्या कुरकुरीत एक जुनी वेदना होती. पण वेदना ऐकावी किती? मी स्वयंपाकघरातली तेलाची बरणी आणली आणि रुळाला मनसोक्त पाजली. दार एक संध्याकाळ लोण्यासारखे सरकले. मग त्या तेलात अंगणातली धूळ बसली, धुळीवर पाकळ्या बसल्या, पाकळ्यांवर मुंग्या बसल्या आणि त्या तशाच कायमच्या बसल्या. रुळात काळाकुट्ट लगदा तयार झाला. दार उघडायला मला खांदा लावावा लागे, आणि बायको समोर असली की चेहरा हसरा ठेवून खांदा लावावा लागे!

सासरे आले तो दिवस उजाडला. समोरच्या दाराने ते वॉकर टेकत आत आले, खुर्चीत बसले, काचेतून त्यांनी अंगण पाहिले. बायको म्हणाली, "बाबा, पाच मिनिटं. फरशी धुऊन घेते, मग तुम्ही तुमचे जा," आणि नळी घेऊन ती मागे गेली. माहेरी कधी ऐकू न आलेले गाणे ती गुणगुणत होती, असे सासऱ्यांनीच मला सांगितले.

"बाबा, हा शून्य उंबरठा," मी म्हणालो. "आत आणि बाहेर यांच्यातलं द्वैतच इथं..."

"ते ठीक आहे," सासरे म्हणाले. "पण ते काय आहे?"

मी वळून पाहिले. उंबरठ्यातून कारंजी उडत होती! लहानलहान, एका ओळीत, लग्नातल्या रोषणाईसारखी शिस्तबद्ध. अंगणातले पाणी रुळात शिरत होते आणि कंपनीने आखून दिलेल्या मार्गाने, अत्यंत आज्ञाधारकपणे, आमच्या बैठकीत येत होते. वर तेलाचा इंद्रधनुषी तवंग आणि तवंगावर हुतात्मा मुंग्या!

मी दाराला खांदा लावला. दार चार बोटे सरकले आणि रुतून बसले. काचेपलीकडे बायको पाठमोरी उभी होती.

"नळ!" मी ओरडलो. "नळ! नळ!"

तिने वळून कानाला हात लावला. "काय? मळ?"

"नळ गं! नळ!"

"हो, हो, दिसला मळ! काढते!" ती म्हणाली, आणि नळीच्या तोंडावर अंगठा दाबून तिने पाण्याची धार थेट उंबरठ्यावर सोडली.

कारंजी कमरेएवढी झाली! गालिचा आधी भिजला, मग तरंगायचा विचार करू लागला. माझा प्रबंध खालच्या फळीवर होता. त्याच्याकडे पाणी विशेष आस्थेने निघाले. त्याला वाचवायला मी झेप घेतली, तेलकट पाण्यावर माझा पाय पडला, आणि बसल्या बैठकीने घसरत घसरत मी सासऱ्यांच्या खुर्चीपाशी येऊन थांबलो. पायाशी आलेल्या जावयाकडे त्यांनी शांतपणे पाहिले. मग रुळाकडे पाहिले.

"उतार उत्तम दिलाय," ते म्हणाले. "फक्त धरण घरात बांधलंय."

"बाबा, मी..."

"आधी उठा. हे धरा."

त्यांनी वॉकर माझ्यापुढे सरकवला. मी तो धरून उठत होतो, थरथरत, एकेक पाय टाकत, आणि नेमकी तेव्हा बायको घराला वळसा घालून समोरच्या दारातून धावत आली.

"बाबा! पडलात? लागलं?"

"मला नाही. तुझ्या नवऱ्याला विचार."

तिने मला पाहिले. एरवी ती संतापली असती, आणि ते मला परवडले असते. पण ती वडिलांच्या बॅगेकडे पाहात होती. बॅग अजून दारातच उभी होती, न उघडलेली. खाली वाकून तिने बॅग उचलली आणि कोरड्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.

"बाबा, आपण ते काढून टाकू. नवीन बसवू," ती म्हणाली. "तोवर... जाऊ नका ना."

पाणी सासऱ्यांच्या सपातांखालून वाहात होते आणि ते त्याची गती पाहात होते.

"या माणसाबरोबर तू एकटी राहतेस," ते म्हणाले, "हे मला फोनवर कधी सांगितलं नाहीस!"

"बाबा!"

"बॅग आतल्या खोलीत ठेव. मी कुठं जात नाही. इथं जबाबदार माणूस हवाय."

बायको रडली, हसली, मग पुन्हा रडली. आणि मी वॉकर धरून उभा!

फिटर आला तेव्हा सासऱ्यांनी आम्हा दोघांच्या मध्ये आपली खुर्ची मांडली. काम संपेपर्यंत आम्ही एकमेकांशी बोलायचे नाही, असा हुकूम निघाला. लगदा खरवडला गेला, पट्टी उपटली गेली. फिटरने ती हातात घेतली आणि सवयीने माझ्याकडे पाहून विचारले, "पाण्याची बाजू कुठली?"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो होतो, तेवढ्यात सासरे गरजले, "त्याला कशाला विचारता? पाण्याला विचारा!"

फिटरने पट्टी खाली ठेवली आणि छातीवर हात ठेवला. "पाण्याला विचारा... वा, बाबा, वा! काय ओळ आहे!"

आता उंबरठा झकास आहे. रूळ दर आठवड्याला सासरे स्वतः तपासतात, सुका फवारा स्वतःच्या कुलपात ठेवतात, आणि वॉकर घेऊन त्यांचे ते अंगणात जातात. फिटर रविवारी येतो. दाराची नव्हे, त्यांची विचारपूस करायला. दोघे तिथे बसून कविता करतात! परवा त्यांचा चहा घेऊन मी गेलो, दारात क्षणभर थबकलो, संध्याकाळचा उजेड पाहिला, आणि काहीतरी बोलावे म्हणून घसा साफ केला.

"जावईबापू," सासरे मान न वळवता म्हणाले, "आत की बाहेर ते ठरवा लवकर. माश्या येतायत!"