चांदण्यावर राग असलेले भगत सर

आमच्या मारेगावात कोजागिरीला भगत सरांना बोलवावं की नाही, यावर दरवर्षी गल्लीत चर्चा होते. बोलावलं की कुणीतरी दुधाचा पेला हातात घेऊन "काय सुंदर चांदणं पडलंय" म्हणतोच. मग सर आपला पेला खाली ठेवून ताडकन उभे राहतात.

"चांदणं? कायचं चांदणं? त्या माणसाचा जीव जाऊन राह्यला होता जी, अन् लोकं म्हणते चांदणं!"

हा माणूस म्हणजे दोनेकशे वर्षांपूर्वीचा एक जर्मन संगीतकार. ऐन उमेदीत त्याचे कान जायला लागले. त्याच सुमारास त्याने पियानोसाठी तीन भागांची एक रचना केली. तो मेल्यावर कुणीतरी तिला चांदण्याची उपमा दिली आणि जगभर तेच नाव रुळलं. जगाला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या भगत सरांना. संगीतकाराचं नाव तोंडात नीट बसत नाही म्हणून सर त्याला 'बहिरेबुवा' म्हणतात, आणि तेही असं, जणू बुवा पलीकडच्या आळीतच राहतात.

मी त्याच शाळेत मराठी शिकवतो आणि सरांच्या शेजारीच राहतो, त्यामुळे माझी दुहेरी पंचाईत. स्टाफरूममध्ये सर खुर्चीवर टेकत नाहीत. खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी अशा येरझारा. मधेच माझ्या टेबलावर तीन बोटं आपटतात.

"हे तीन सूर आयका, उमरे सर. थांबते का? नाही थांबत. डोक्यात विचार फिरते तसे फिरून राह्यले. खाली डाव्या हाताचा खर्ज, जड पायानं चालल्यावानी. अन् मंग वरून तोच तो एक सूर, पुन्हा पुन्हा. दार ठोकल्यावानी. चांदण्यात कोनी दार ठोकते का?"

"आणि मधला भाग?" मी कधीतरी चुकून विचारतो.

"तो लहानसा. घरातलं भांडण पाहुणे आले का थांबते ना, तसा. पाहुणे गेले का तिसरा भाग! पहिल्यात दाबून ठेवलेलं सारं तिथं फुटते."

हेडमास्तरांनी एकदा कुठूनतरी वाचून आणलं, की बुवांनी ती रचना आपल्या एका शिष्येला अर्पण केली होती आणि तिचं लग्न दुसऱ्याशीच झालं. "म्हणजे प्रेमभंग!" ते विजयी मुद्रेने म्हणाले.

"प्रेमभंग तं कोनाचाही होते," सर उसळले. "कान चालले होते त्याचे, ते नाही दिसत तुमाले?"

यंदाच्या स्नेहसंमेलनात सरांनी हट्टाने दहा मिनिटं मागून घेतली. पालक पोरींचे नाच पाहायला आलेले. विंगेत नऊवारी नेसलेल्या मुली ताटकळत होत्या. सरांनी मोबाइल लाउडस्पीकरला जोडला आणि रचना सुरू केली. संपली असं समजून मधेच कुणी टाळ्या वाजवल्या, तर सरांनी ती पहिल्यापासून लावली. मागून आवाज आला, "सर, गाणं लावा ना!" शेवटी हेडमास्तरांनी माइक बंद करवला. तरी सर पुढच्या रांगेला बिनमाइकाचं समजावतच राहिले.

मी त्यांना हाताला धरून खाली आणलं तेव्हा लक्षात आलं, दरवर्षी पुढे बसणाऱ्या भगत वहिनी आज दिसत नव्हत्या.

"वहिनी नाही आल्या?"

सर मंडपाच्या कडेने चालत सुटले, मी मागे.

"तिचे कान चालले, उमरे सर," ते न थांबता म्हणाले. "मशीन घेतलं नागपूरहून, ते कपाटात. मांगं भाचीच्या बारशाले कोनी विचारलं एक, हिनं सांगितलं भलतंच. बायका हासल्या. तवापासून कुठंच येत नाही. गुडघे दुखते म्हणून सांगते लोकायले." मग म्हणाले, "बुवाचंही तसंच. लोकात जानं सोडलं. लोकायले वाटे, घमेंडी हाय. जोरानं बोला, मले आयकू येत नाही, एवढं त्याच्यानं म्हनवलं नाही. तिले विचारतो, आत काय होते तुले? म्हणते, काही नाही. मंग मी त्याच्या वाजवन्यात शोधतो."

पुढच्या महिन्यात माझ्या मुलीच्या साखरपुड्याचं आमंत्रण द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं. मी नेहमीच्या आवाजात दिवस, वेळ सांगितली. त्या हसल्या, मान हलवली, काहीतरी उत्तर द्यायला लागल्या आणि थांबल्या. अंगणात फिरणारे सर दारात येऊन उभे राहिले.

वहिनींनी पदर सारखा केला.

"भाऊजी, जरा जोरानं सांगा. मले आयकू कमी येते."

मी पुन्हा सांगितलं, एवढ्या जोरात की समोरच्या घरातल्या म्हातारबुवांनी खिडकीतून डोकावून पाहिलं.

"येतो ना," वहिनी म्हणाल्या. "दोघंही येतो."

"चहा मांडतो मी," म्हणत सर घाईने आत गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत. स्वयंपाकघरातून हुंदका दाबल्याचा, मग नाक शिंकरल्याचा आवाज येत होता.

"कुठं गेले हे?" वहिनींनी विचारलं.

"चहा करून राह्यले!" मी ओरडून सांगितलं.