आपोआप लागणारं दार

मुलीची माफी मागावी की तिला झकास गाडीतून सासरी धाडावं, यातलं गाडीचं काम सावळीरामला सोपं वाटलं. नडलं ते इथेच.

मखमलाबादला त्याची फुलशेती. बारावीला उत्तम मार्क मिळवून दिशा शेतकी कॉलेजला जाते म्हणाली, तेव्हा "मग झेंडू कोण तोडणार?" म्हणून यानेच तिला घरी बसवलं. त्याला तीन वर्षं झाली. पोर बोलायची, पण कामापुरतंच. ते त्याला फार लागायचं.

"दोन शब्द बोला की पोरीशी," अंबूबाई नवऱ्याला म्हणायची.

"गाडी तर येऊ दे. मंग बोलतो."

ज्या बिल्डरच्या बंगल्यावर त्याची फुलं जात, त्याने आपली नवी परदेशी गाडी लग्नापुरती दिली. सोबत ड्रायव्हर भिकन.

"आतलं लाकूड सगळं एकाच झाडाचं हाय, काका. शिवण हातानं घातलेली. काच अशी, की बाहेर बँड वाजला तरी आत शांत. अन् दार आपटायचं नाय. नुसतं टेकवा, ते स्वतःच ओढून घेतं."

रंगाला चिकटपट्टी लागू नये म्हणून सावळीरामने सगळ्या माळा सुती दोऱ्याने बांधल्या. (एवढ्या हळुवार हाताने त्याने अंबूबाईला मंगळसूत्रही बांधलं नव्हतं.)

पाठवणीला दिशा गाडीत बसली. पलीकडे सिन्नरचा जावई स्वराज मित्रांना हात हलवत होता. सावळीरामने वाकून लेकीचा शालू आत सारला आणि एका बोटाने दार टेकवलं. ते खरंच आपोआप लागलं! मग धीर करून तो काचेशी म्हणाला, "पोरी, माझं चुकलं गं. तुला शिकवायला पायजे होतं."

आत दिशा हातवारे करून काहीतरी ओरडत होती. आवाज मात्र शून्य. काच खाली करायला ती हँडल शोधत होती, पण अशा गाडीला कुठलं हँडल! लेकरू आपल्यासाठीच रडतंय, असं वाटून सावळीराम हुंदके देऊ लागला.

गाडी निघाल्याचंही त्याला ऐकू आलं नाही. डोक्यावरचा फेटा गरगरायला लागला, तेव्हा कळलं. फेट्याचा पाठीवर सोडलेला शेमला दारात अडकला होता. एकेक वेढा सुटत फेटा गाडीमागे फरफटत गेला आणि सावळीराम बोडक्या डोक्याने रस्त्यात उभा राहिला. वऱ्हाड पोट धरून हसलं. तो मात्र रडत होता.

संध्याकाळी सिन्नरहून फोन आला.

"बाबा, काचेपाशी काय म्हणत होते तुम्ही? मी फेटा, फेटा ओरडत होते, मला काहीच ऐकू आलं नाय."

तीन वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज मऊ होता. अंबूबाईने कोपराने ढोसलं. सावळीरामने तोंड उघडलं.

"काय नाय गं," तो म्हणाला. "फेटा भाड्याचा हाय, एवढंच म्हणत होतो. धुऊन पाठव."